पाचवी वाटी

कामाक डोंगर,
नववा महिना, पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस

ती. ओकनिमताईस,
सोबुनचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. बसने घाटाखाली सोडलं. तिथून चढ चढून शाळेच्या दारात येईपर्यंत आईने दिलेली तिखटाची बरणी गाठोड्यात फुटली आणि सगळे कपडे लाल झाले. दारात मेंग गुरुजी उभे होते. ते इथले मुख्य गुरुजी. त्यांनी आधी माझं तोंड पाहिलं, मग गाठोडं, आणि वाटेत कुणाला मारून आलीस का म्हणून विचारलं. चेहऱ्यावरची रेघ न हलवता थट्टा करतात ते, त्यामुळे हसावं की घाबरावं ते कळत नाही.

शाळा आपण ऐकली होती तशीच आहे. घरातल्या चार देवतांची चार दालनं. चुलीच्या दालनातली मुलं ओली लाकडं नुसत्या शब्दाने पेटवतात. आढ्याच्या दालनातल्यांशी छप्पर बोलतं. उंबऱ्याची मुलं चोराचं पाऊल दारातच जखडून ठेवतात. रांजणांच्या ओट्यावरची मुलं सोयाच्या रांजणाला कान लावून उद्याचं हवामान सांगतात, आणि बहुतेक वेळा खरं सांगतात.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या पहाटे नव्या मुलांनी विहिरीचं पाणी स्वतः काढून चार वाट्या भरायच्या. एक चुलीपाशी, एक आढ्याखाली, एक उंबऱ्यावर, एक रांजणांच्या ओट्यावर. ज्या वाटीतलं पाणी हलेल त्या देवतेने तुम्हाला आपलं म्हटलं, आणि ते तुमचं दालन. माझ्याबरोबर आलेल्या चोरानची उंबऱ्यावरची वाटी तर अशी हलली की आत मासा सोडलाय असं वाटावं. माझ्या चारही वाट्या शांत राहिल्या. मेंग गुरुजी भात शिजेपर्यंत उकिडवे बसून, चष्मा वर-खाली करून पाहत राहिले. शेवटी म्हणाले, की काही देव उशिरा उठतात.

तोवर मला दालन नाही, म्हणून मी दोन दालनांच्या मधल्या कोठीत झोपते. वर मुळे टांगलेत, खाली जमीन गार. चुलीची ऊब इतर खोल्यांच्या जमिनीखालून फिरते, ती माझ्या भिंतीपाशी येऊन परत जाते. लग्नात न बोलावता गेलेल्या पाहुण्यासारखं झालंय माझं. मुदत दोंगजीपर्यंत आहे, वर्षातल्या त्या सर्वांत मोठ्या रात्रीपर्यंत. त्या संध्याकाळी दारांवर लाल चवळीची पेज शिंपडली, की ज्याचं कुणी नाही त्याला आत येता येत नाही, हे तुला माहीतच आहे. पण दोंगजी लांब आहे. आईला ह्यातलं काही सांगू नकोस.

कळावे. माझ्यावरची माया उतू जाऊ देऊ नकोस, आटूही देऊ नकोस.
तुझी,
सोबुन


घर,
नववा महिना, अमावास्येच्या आदल्या दिवशी

चि. सोबुन हिस,
अ. उ. आ.

आईला सांगू नकोस म्हणतेस, आणि आईने पत्र माझ्या हातात देऊन समोर बसून वाचायला लावलं. मी मधला सगळा भाग गिळला आणि बरणी फुटल्याचं तेवढं मोठ्याने वाचलं. तर त्याचंच तिला वाईट वाटलं. सोबेला धड गाठोडं बांधता येत नाही, देवाशी काय बोलणार, असं म्हणाली. ओढ्यावर धुणं धुताना मात्र बायकांना सांगत होती, की आमच्या सोबुनला चुलीच्या देवीने केव्हाच उचललं असणार. इतकी वर्षं रोज पहाटे तिच्यापुढे ताजं पाणी ठेवतेय ते काय उगीच.

बाबांचा खोकला आहे तसाच. ते खोकतात, आई औषधाचा काढा पुढे करते, ते काढा पाहून आणखी खोकतात. मध्यस्थ काकू परवा माझ्यासाठी एक स्थळ घेऊन आल्या. मुलाचे कान एवढे मोठे, की वाऱ्याच्या दिवशी त्याला धरून ठेवावं लागेल.

वाटीचं मनावर घेऊ नकोस. तू काही साधी पोर नाहीस, पाच वर्षांची असताना संडासात पडून जिवंत वर आलेली आहेस. आठवतं का? फळी सरकली आणि तू खाली. असं पडलेलं मूल जगत नाही म्हणतात. आई किंचाळत धावली, तर तू कडेला बसलेली, एका पायात रबरी बूट, दुसरा गेलेला. रडत नव्हतीस. लांब केसांच्या मावशीने कॉलर धरून वर काढलं म्हणालीस. आम्ही हसलो. आईने लगेच रिवाजाप्रमाणे तांदळाच्या वड्या वाफवल्या आणि तुला घरोघर वाटायला पाठवलं. 'गूवड्या घ्या, गूवड्या' असं ओरडत तू अख्खा गाव फिरलीस. ती पोर चार वाट्यांना घाबरते होय?

सोबत कापूस भरलेले दोन जोड मोजे पाठवतेय. पायाचा कागदी नमुना जुना आहे, तेव्हा घट्ट झाले तर पाय वाढले म्हणून आनंद मान.

कळावे. जेवत जा, आणि आम्हाला मनात ठेव.
तुझी ताई,
ओकनिम


कामाक डोंगर,
दहावा महिना, शुद्ध पक्ष संपता संपता

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजे घट्ट झाले. पण त्यांच्याशिवाय मी इथे टिकले नसते.

ताई, मला भीती वाटते. थट्टेने लिहायचं ठरवलं होतं, जमत नाही.

मी रोज पहाटे चार वाट्या ठेवते आणि रोज चारही शांत असतात. सुरुवातीला मुलं येऊन पाहायची, आता कुणी येत नाही. परवा भात वाढून घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर चूल विझली. वाऱ्याने नाही, दार लावलेलं होतं. यांगगु गावच्या काकू इथला स्वयंपाक पाहतात. त्यांनी परत पेटवली, मी पाऊल टाकलं, परत विझली. काकू पळी घेऊन माझ्या अंगावर आल्या आणि पुन्हा इथे दिसलीस तर तंगडी मोडीन म्हणाल्या. मग संध्याकाळी त्यांनीच माझा वाडगा बाहेर दगडावर आणून ठेवला, भात जरा जास्तच. पण बाहेरच.

चोरान एकटी माझ्याशी बोलते. तिच्या दालनातल्या मोठ्या मुलींकडून ऐकून तिने मला सांगितलं, की आम्ही यायच्या आधी एक मुलगा असाच होता. चारही वाट्या शांत. दोंगजीला दारावर पेज शिंपडली, त्याने उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि पाय पुढे जाईना. रात्रभर दार ठोठावत होता. उंबऱ्याच्या दालनातल्या मुलांनी दार उघडून पाहिलं, हात दिले, उपयोग झाला नाही. सकाळी पायरीवर त्याच्या पेंढ्याच्या चपला होत्या, नीट शेजारी शेजारी. मी मेंग गुरुजींना विचारलं की हे खरं का. त्यांनी थट्टा केली नाही. ते चष्मा पुसत राहिले. आता घरी जाऊ द्या म्हटलं, तर म्हणाले, की दालन न मिळालेलं मूल मध्येच परत गेलं तर घराचा उंबराही त्याला ओळखत नाही.

आणखी एक आहे. हे हसण्यावारी नेऊ नकोस. प्रत्येक दालनात अंधार पडल्यावर तस्त ठेवतात, त्यामुळे मुलींना बाहेर जावं लागत नाही. मला दालन नाही म्हणून तस्तही नाही. मी दिवेलागणीला मागच्या संडासात जाते. तिथे कुणीतरी केस विंचरत असतं. फणी वरून खाली जाते, मग थांबते, आणि हळू आवाजात कुणी मोजतं. मोजणं चुकलं की उसासा टाकून पहिल्यापासून. मी तीनदा खोकते, लहानपणी शिकवलंय तसं, तेव्हा ते थांबतं. मी बाहेर पडले की परत सुरू होतं.

कळावे. तुझ्या आठवणीत मला घट्ट धरून ठेव, इथे मला कुणी धरलेलं नाही.
तुझी,
सोबुन


घर,
दहावा महिना, वद्य पक्ष

चि. सोबुन हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि जेवले नाही. आधी हे ऐक: खोकल्याशिवाय त्या दारात पाऊल टाकायचं नाही. ती संडासातली देवी आहे, दचकली की केस फेकते, आणि ज्याच्या अंगावर ते पडतात तो उठत नाही. महिन्याच्या सहा, सोळा, सव्वीस ह्या दिवशी ती तिथेच बसलेली असते, त्या दिवशी रानात जा, कुठेही जा.

हे लिहून मी खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या देवऋषिणीकडे गेले. बर्फ पडायला लागलंय, घसरत घसरत गेले. तुझी जन्मवेळ सांगितली. तिने तांदूळ टाकले, बोटाने फिरवले आणि म्हणाली, की ह्या मुलीला कुणी घेत नाही असं नाही, तिला आधीच कुणीतरी घेतलेलं आहे, आणि दुसऱ्याच्या वस्तूला देव हात लावत नाहीत. कुणी घेतलंय म्हणून विचारलं तर तिने नुसती घराच्या मागच्या बाजूला मान वळवली आणि तीनदा खोकली.

सोबे, मला परतीच्या वाटेवर तुझा तो बूट आठवला. आणि लांब केसांची मावशी.

मी घरी येऊन बोलले, आणि चूक केली ती स्वयंपाकघरात बोलले. आईच्या हातातला डाव खाली पडला. ते नाव माझ्या चुलीसमोर घ्यायचं नाही म्हणाली. तुला माहीत आहे, मागली बाई आणि चुलीची देवी एकमेकींच्या सवती. तिकडची काडीसुद्धा इकडे आणायची नाही, दगडसुद्धा नाही. आई म्हणाली, की पोर तिची झाली तर माझ्या स्वयंपाकघराची पायरी तिने चढायची नाही. मग पदरात तोंड घालून बसली आणि मला वाटतं भाताचं पाणी आटेपर्यंत तशीच होती. बाबा फक्त खोकले.

मी हे गोड करून लिहीत नाही, कारण ठरवायचं तुला आहे. त्या शाळेत चार वाट्या ठेवतात, कारण पाचवी ठेवायचं कुणाच्या मनातच येत नाही. शहाणं माणूस तिथे पाणी ठेवतं का? पण देवघरात जागा नाही म्हणून आपण बसायचंच नाही, असं थोडंच आहे. घरात येऊन बाहेर जेवणं वेगळं आणि घरातच न येणं वेगळं. आईचा राग मला दे, मी सांभाळते. तू दोंगजीपूर्वी पाचवी वाटी ठेव.

बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत हे पत्र पोचो.

कळावे. लोभ आहे, आणि तो कमी होईल असं कुठलंही दार मला माहीत नाही.
तुझी ताई,
ओकनिम


कामाक डोंगर,
अकरावा महिना, दोंगजीनंतरचा तिसरा दिवस

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे तू पुढचं श्वास घेऊन वाचशील.

तुझं पत्र दोंगजीच्या दिवशी दुपारी आलं. टपालवाला कमरेएवढ्या बर्फातून आला होता. मी वाचलं, पण लगेच पाचवी वाटी ठेवायचा धीर झाला नाही. मला वाटत होतं, संध्याकाळपर्यंत एखादी वाटी हलेल. चुलीची नाही तर निदान रांजणांची. मी वाट पाहत राहिले, आणि बघता बघता काकूंनी पेज शिजवून प्रत्येक दारावर शिंपडलीसुद्धा.

मी अंगणात होते. चोरानने दारातून हाक मारली. मी पाय उचलला. ताई, पाय वर गेला आणि पुढे जाईना. भिंत नव्हती, काही नव्हतं, नुसतं जाईना. चोरानने माझा हात धरून ओढला, तर तेल लावल्यासारखा सुटला. ती रडायला लागली. मेंग गुरुजी तिच्या मागे उभे होते. त्यांनी खाली मान घातली आणि म्हणाले, की माझ्या हातात असतं तर पोरी. मग दार लावलं. लावावंच लागतं.

तेव्हा रानाच्या बाजूने बर्फावर पावलं वाजली. खूप पावलं, पेंढ्याच्या चपलांची. ते दर वर्षी येतात म्हणे, ज्यांचं कुणी नाही ते. मी वळून पाहिलं नाही, पण ते माझ्या दोन्ही बाजूंना येऊन दाराकडे तोंड करून उभे राहिले. कुणी मला ओढलं नाही, कुणी ओरडलं नाही. ते फक्त जरा सरकले. माझ्यासाठी जागा केली, ताई. आल्यापासून ह्या शाळेत पहिल्यांदा मला कुणी जागा करून दिली. आणि सगळ्यात भयंकर हे, की मला बरं वाटलं. मी चपला काढायला वाकले होते.

वाकले तेव्हा तुझे घट्ट मोजे दिसले. मी तशीच मागे सरले, दगडी डोणीतला बर्फ फोडून तिथलीच एक वाटी भरली आणि मागच्या बाजूला चालत गेले. पावलं माझ्या मागून येत होती. दाराशी पोचले तर घशातून आवाज निघेना. न खोकता शिरावं तर ती मारणार, थांबावं तर हे नेणार. कसाबसा खोकला आला. एकदा, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्या वेळी तर मी रडतच होते. आत जाऊन राखेच्या ढिगाशेजारी वाटी ठेवली.

पाणी हललं नाही, ते उसळून वाटीबाहेर आलं. मग पाण्यावर एक लांब केस पडला. आणि माझी कॉलर मागून कुणीतरी धरली, अगदी तशीच, ताई, मी ती पकड ओळखली. पावलं दाराबाहेर थांबली. त्या दारावर कधी कुणी पेज शिंपडत नाही, पण त्यांच्यातला एकही आत आला नाही.

ती बोलली. आवाज म्हातारा नाही, पण फार दिवस न वापरलेला वाटला. तिने आधी मला रागावून घेतलं. म्हणाली, की रोज दिवेलागणीला येतेस, शिस्तीत खोकतेस आणि एक शब्द न बोलता जातेस, हीच का आईबापांची शिकवण. मी तिकडे चार दारांत पाणी मांडत फिरले, ते तिला दिसत होतं. म्हणाली, बसले होते बघत, म्हटलं आपल्याकडे कुणी येतंय का. मग म्हणाली, की तुझी वस्तू माझ्याकडे किती वर्षं पडून आहे, मी काय सगळ्यांचे बूट सांभाळत बसू.

उजाडलं तेव्हा वाटीजवळ माझा लहानपणचा रबरी बूट होता. कोरडा, स्वच्छ. माझ्या तळहातावर मावतो.

आता मला दालन आहे. मेंग गुरुजींनी चष्मा पुसला आणि दालनांच्या यादीत पाचवं नाव लिहिलं. मला मागे एक छोटी खोली मिळाली, जमीन गरम होते. पण मी समोरून आले की सगळे तीनदा खोकतात. लहान मुलंसुद्धा. चोरान आधी खोकते आणि मग हसते. मी मागल्या बाईला अजून घाबरते ताई. ती माझ्यावर माया करते हे कळतं, तरी तिचं मोजणं सुरू झालं की अंगावर काटा येतो. घाबरतच तिच्याजवळ बसायचं, हेच बहुतेक माझं शिक्षण असणार.

नव्या वर्षाला सगळी मुलं घरी जाणार आहेत. आईला विचार. मी स्वयंपाकघरात येणार नाही, शपथ. अंगणात उभी राहीन. पण ती माझ्या हातात वाडगा देईल का, एवढं विचार. नाही म्हणाली तर तसं लिही, गोड करून लिहू नकोस.

कळावे. ज्या दारात तू उभी असशील तिथे माझी जागा राखून ठेव.
तुझी,
सोबुन


घर,
बारावा महिना, शुद्ध पक्ष

चि. सोबुन हिस,
अ. उ. आ.

ह्या वेळी काही गिळलं नाही. आईसमोर अंगणात बसून शब्दन् शब्द वाचला. चपला काढायला वाकलीस तिथे बाबा उठून गेले. आई शेवटपर्यंत लसूण कुटत होती, वाचून झालं तरी कुटत राहिली. लसणाचं पाणी झालं. बोलली मात्र नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी तुला 'नाही' लिहायला कागद काढून ठेवला होता.

मग एका पहाटे पाहिलं, तिने विहिरीवरून दोन वाट्या भरल्या. पहिली चुलीपाशी ठेवून बराच वेळ हात चोळत पुटपुटत बसली. दुसरी घेऊन मागच्या बाजूला गेली. मी भिंतीआडून पाहत होते, माझे दात वाजत होते. ती दारासमोर उभी राहिली आणि तिला खोकता येईना, तुझ्यासारखंच. तेवढ्यात आतून बाबांना उबळ आली. तीनदा खोकले, चांगले दणदणीत. आईने ते आपल्या हिशेबात धरलं आणि वाटी आत ठेवली. बाबांचा खोकला जन्मात पहिल्यांदा कामी आला.

तुला खरं सांगायचं तर आम्ही सगळे घाबरलो आहोत. त्या दिवसापासून चूल नीट पेटत नाही. घर धुराने भरतं, भात कच्चा राहतो. आई डोळे पुसत फुंकर घालते आणि म्हणते, सवतीला पाणी दिलं तर कोण रुसणार नाही. इतकी वर्षं हिची राख काढली, थोडा रुसवा मीही काढीन. नाहीच निघाला तर कच्चा भात खाऊ. दिवेलागणीनंतर मागे जायची आमची कुणाची छाती होत नाही. मी जाते तेव्हा खोकून खोकून घसा बसतो. परवा मला आपल्याकडेही फणीचा आवाज आला. तो तुझ्यासाठी आला असेल असं मी मनाला समजावते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आईने अंगणातल्या फळझाडाखाली, स्वयंपाकघर आणि मागची बाजू ह्यांच्या बरोबर मध्ये, तीन दगड मांडून दुसरी चूल केली आहे. जुनं लोखंडी भांडं घासून ठेवलं. म्हणाली, की पोरीला स्वयंपाकघरात यायला बंदी आहे, आईला स्वयंपाकघरातून बाहेर यायला कुणी बंदी केलेली नाही. नव्या वर्षाचं तांदळाच्या चकत्यांचं सार तिथेच होणार, आणि आपण सगळे तिथेच बर्फात बसून जेवणार. बाबांना दोन गोधड्या.

आणखी एक. काल तिने पेटीच्या तळातून तुझा दुसरा बूट काढला. मला वाटत होतं तेव्हाच टाकला. तो तिने पायरीच्या दगडावर ठेवला, तोंड घराकडे करून. मी म्हटलं, नव्या वर्षाच्या रात्री आपण सगळ्यांची पादत्राणं आत घेतो, भूत मापाची घालून जातं म्हणून, आणि हा बाहेर कसा ठेवतेस. तर म्हणाली, जिने एक इतकी वर्षं जपला तिच्या राखणीत दुसरा ठेवायला मला भीती नाही. भीती होती, आवाज कापत होता. पण बूट अजून तिथेच आहे. तुझ्याकडचा येताना घेऊन ये.

तिने तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय, की ह्या घरात तुला पाहून कुणी खोकणार नाही. बाबा खोकतील, पण ते त्यांचं आपलं नेहमीचं.

कळावे. रस्ता उघडला की पहिल्या बसने नीघ, आणि तोवर आमच्यावर लोभ धर.
तुझी ताई,
ओकनिम